‘किती सुटलीस गं!’ म्हणण्याआधी

बारशाला आलेल्या पहिल्या तिन्ही बायकांनी बाळाआधी वहिनीकडे पाहिलं आणि एकच वाक्य टाकलं, “अगं, किती सुटलीस!” मी तोंडाने काही बोलले नाही. पण स्टेटसला फोटो ठेवताना तिची बाजू क्रॉप केली. म्हणजे चौथी मीच.

वहिनी चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लाइनवर होती. आठ तास उभी. दिवस गेल्याचं सांगितल्यावर “आता घरीच आराम करा” असं उत्तर मिळालं. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा देतो, 80 दिवस काम भरलेलं असलं की ठेकेदाराकडच्या बाईलाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग मोशीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती बसून राहिली आणि आई ताट भरत राहिली. दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. खरं तर पहिले तीन महिने फारसं जास्तीचं लागत नाही. नंतरही दिवसाला साधारण 350 कॅलरी पुरतात : एक भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध. अख्खं दुसरं माणूस नव्हे!

पण म्हणून ‘डाएट कर’ म्हणणारेही चूकच. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण इंग्लंडच्या बाळांच्या मानाने जास्त. आणि ज्या आया पालेभाज्या, फळं जास्त खात होत्या, त्यांची बाळं चांगली भरलेली होती. नुसत्या जास्त कॅलरींनी तो फरक पडला नव्हता.

वहिनीची सातव्या महिन्यात साखर वाढली. बाळंतपणानंतर साखर उतरते, पण अशा बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका राहतो. म्हणून सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायची असते. आमच्या कॅलेंडरवर बाळाचे डोस लाल गोल करून लिहिलेले होते. वहिनीची तपासणी कुठेच नव्हती. डिंकाचे लाडू मात्र दोन डबे. (अंगावर पाजताना भूक लागतेच, लाडवांशी माझं भांडण नाही. पण साखर वाढलेल्या बाईला गुळाचे दोन डबे?)

“चालायला जात जा,” दादा म्हणायचा. कुठे? घराबाहेर पडलं की कंटेनरची रांग. आणि बाळ कुणाकडे? दादाची सेकंड शिफ्ट, आईचे गुडघे. घरात रिकामे हात फक्त माझे होते आणि त्यांत मोबाइल होता. तुमच्याही घरात अशी कुणी ताई, वहिनी असेल तर हे हात मोजून बघा.

आता साडेसहा ते सात बाळ माझ्याकडे. वहिनी सोसायटीला फेऱ्या मारते. वजन फारसं उतरलेलं नाही, झोप जरा लागते म्हणते.

गेल्या मंगळवारी लेक्चर बुडवून मी बाळ सांभाळलं आणि ती वायसीएमला तपासणीला गेली. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास बसायचं होतं. इकडे बाळाने मला रडकुंडीला आणलं. वहिनी आली ती हसतच. म्हणाली, “दोन तास एकटीच बसले होते गं. किती बरं वाटलं!”