विश्लेषण : सांधे दुखतात, मग हाडांच्या डॉक्टरांकडे का नाही? संधिवाततज्ज्ञ नेमके काय शिकतात?

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, मूठ वळत नाही, तासाभराने हात थोडा मोकळा होतो. अशा रुग्णाची पहिली धाव बहुधा हाडांच्या डॉक्टरांकडे असते. वेदनाशामक गोळ्यांवर काही महिने निघतात. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असेल, तर सांधे वाचवण्यासाठी हेच महिने मोलाचे असतात. एकदा वाकडी झालेली बोटे औषधांनी सरळ होत नाहीत.

प्रशिक्षण कसे असते?

अस्थिरोगतज्ज्ञ हे मुळात सर्जन. संधिवाततज्ज्ञ शस्त्रक्रिया करत नाहीत. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, जनरल मेडिसिन किंवा बालरोग विषयात एमडीची तीन, मग ‘नीट-एसएस’ देऊन डीएम किंवा डीआरएनबीची आणखी तीन. बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे झाली. डीएमच्या नावात अनेकदा ‘क्लिनिकल इम्युनॉलॉजी’ हेही शब्द असतात आणि मर्म तिथेच आहे. आमवात किंवा ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. दुखतो सांधा, पण फुप्फुसे, मूत्रपिंडे, डोळेही कचाट्यात सापडू शकतात.

रक्ततपासणी पुरेशी नाही?

नाही. ‘आरए फॅक्टर’ निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि आमवात असूनही निगेटिव्ह. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी तर हुबेहूब आमवातासारखी भासते. कोणते सांधे सुजले, आखडलेपण किती वेळ टिकते, हे विचारून आणि सांधा हाताने चाचपूनच निदान जुळवावे लागते.

औषधांचे काय?

खरा कस इथे लागतो. आमवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक ॲसिड, रक्तपेशी आणि यकृताच्या नियमित तपासण्या. टीएनएफ रोखणारी ‘बायोलॉजिक’ औषधे देण्याआधी छुपा क्षयरोग आहे का, हे पाहावे लागते. आपल्याकडे तर हे टाळून चालतच नाही. स्टेरॉइडने दोन दिवसांत बरे वाटते. गुण येतो म्हणून ते वर्षानुवर्षे परस्पर घेणाऱ्यांची हाडे मात्र ठिसूळ होतात.

प्रत्येक सांधेदुखीला हेच तज्ज्ञ हवेत?

मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंची दुखणी होती. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे गाळणी गावातल्या डॉक्टरांच्याच हाती हवी. एमबीबीएसमध्ये या विषयाला मिळणारा वेळ पाहता ती अपेक्षा जड आहे, तरी पर्याय नाही. साडेअकरा वर्षांचे तज्ज्ञ काही तालुक्यातालुक्याला मिळणार नाहीत. बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले असतील आणि सकाळचे आखडणे अर्धा-पाऊण तास टिकत असेल, तर चिठ्ठी संधिवाततज्ज्ञांच्या नावे लिहिलेली बरी.