हमालाची रात्र कोणाच्या खात्यावर?

मशीद बंदर, चिंचबंदर किंवा अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचा दुकानदार सकाळी पेढीवर येतो, तेव्हा कुलूप उघडण्याआधी त्याला आणखी एक काम करावे लागते. ओट्यावर झोपलेल्या माणसाला उठवावे लागते. कोणी हाक मारून उठवतो, तर कोणी बादलीभर पाणी ओतून. तासाभराने माल येतो आणि हाच दुकानदार हमालाला हाक मारतो. पुष्कळदा धावत येणारा माणूस तोच असतो, ज्याला सकाळी ओट्यावरून हुसकावलेले असते.

वाचकहो, बेघरांचा प्रश्न एरवी दानधर्माच्या नाहीतर गुन्हेगारीच्या बातम्यांत येतो. आज तो व्यापाराच्या पानावर मांडण्याचे कारण वरचे दृश्य आहे. हातगाडी ओढणारा, मंडईतला पाटीवाला, नाक्यावर कामाची वाट पाहणारा बिगारी, खानावळीत भांडी घासणारा कामगार यांच्यावाचून बाजार एक दिवस चालत नाही. आपल्या बिलात हमाली असते, तोलाई असते, वाराई असते. हमालाच्या रात्रीचा खर्च मात्र आपल्या कोणत्याच खात्यावर नसतो. तो परस्पर फुटपाथच्या खात्यावर पडतो.

कोणी म्हणेल, हे लोक लांब उपनगरात खोली का घेत नाहीत? याचे उत्तर बाजाराच्या वेळापत्रकात आहे. माल रात्री-अपरात्री आणि पहाटे उतरतो. त्या वेळी लोकल बंद असते. जो जवळ झोपला असेल त्यालाच पहिली मजुरी मिळते. शिवाय खोलीचे डिपॉझिट आणि रोजचा प्रवास यांतच कमाई गेली, तर गावी मनिऑर्डर कशाची करायची? १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील फुटपाथवासीयांना उठवून गावी पाठविण्याची मोहीम सरकारने काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे मान्य केले. माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणूनच फुटपाथवर राहतात, हेही मान्य केले. मात्र फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. रीतसर नोटीस देऊन हटविण्याची मुभा पालिकेला राहिली. त्यामुळे मग राहायचे कोठे, हा प्रश्न शहराच्या नियोजनाकडे परत आला.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. पूर्वी त्याची सोय लोकांनी आपापसांत केली होती. गोव्याच्या दर्यावर्दींचे कूड होते. कोकणातल्या गावकीच्या नि जमातीच्या खोल्या होत्या. थोडी वर्गणी, एक ट्रंक आणि चटईपुरती जागा, एवढ्यावर माणसाची सोय होई. व्यापाऱ्यांनी धर्मशाळा आणि मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना वाचकांना ठाऊकच आहे. या सर्व जागा बाजार, बंदर नाहीतर स्टेशनच्या जवळ होत्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पण जागेचे भाव चढले, जुन्या चाळी पाडल्या जाऊ लागल्या, आणि नव्या इमारतीत चटईपुरत्या जागेला जागा उरली नाही.

दुसरे उदाहरण तर थेट आपल्याच धंद्यातले आहे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून नोंदीत हमालाचा भविष्य निर्वाह निधी, रजा, उपचार यांची तरतूद व्हायची, अशी ती व्यवस्था आहे. त्या वेळी पुष्कळांनी कुरकुर केली, आजही करतात. पण ज्यांची नोंद झाली, त्यांच्या हातात पुढे पासबुक आले, नवी मुंबईत त्यांच्या वसाहती झाल्या. बाजार बुडाला नाही. शेजारी तेच ओझे वाहणारा नोंद नसलेला हमाल मात्र फुटपाथवरच राहिला. दोघांच्या मेहनतीत फरक नाही. फरक एवढाच की एकाची गरज हिशेबात धरली गेली आणि दुसऱ्याची धरली गेली नाही.

आता शहराचा हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर निघाली. एका रात्रीच्या मोजणीत कितीजण सुटले असतील, ते वाचकांनीच ताडावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे किमान एक निवारा हवा, आणि तो चोवीस तास उघडा हवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे आणि दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा असे माप धरले. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे हवेत. ते सगळे बांधले आणि प्रत्येकात शंभर माणसे ठेवली, तरी १२,४०० जणांची सोय होते. ५७ हजारांपैकी पाचातल्या एकाला छप्पर मिळते. आणि प्रत्यक्षातले निवारे या किमान संख्येच्याही पुष्कळ मागे आहेत.

संख्येपेक्षाही जागा महत्त्वाची आहे. २०१८ साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्यात बेघर निवाऱ्यासाठी भूखंड राखण्याची तरतूद आहे. पण नकाशावरचे आरक्षण म्हणजे छप्पर नव्हे. शहराच्या टोकाला निवारा बांधला तर तो रिकामा राहील आणि मग अधिकारी म्हणतील, "पाहा, या लोकांनाच यायचे नाही!" पहाटे तीनला ज्याला माल उतरवायचा आहे, त्याला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर निवारा हवा. तेथे नळ आणि संडास हवा. कुलपाची पेटी हवी, कारण ज्याची गठडी चोरीला जाते त्याचे ओळखपत्रही जाते, आणि त्याविना बँकेत खाते काढणे कठीण होते. मग रोजची कमाई शेठजीकडे किंवा पानवाल्याकडे ठेवावी लागते. बायका आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी वेगळी जागा हवी.

आपले काही व्यापारी बांधव म्हणतात, निवारा आला की घाण येते, चोऱ्या होतात, गिऱ्हाईक बिथरते. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये. पण घाण संडास नसल्यामुळे होते, माणूस असल्यामुळे नव्हे. आज तो ओट्यावर आहेच. उद्या तो दाराआड जाईल, त्याची वहीत नोंद असेल आणि सकाळी तो आंघोळ करून कामावर येईल. यात बाजाराचे नुकसान काय?

व्यापारी संघटना रस्त्याच्या खोदकामासाठी, पार्किंगसाठी, फेरीवाल्यांच्या तक्रारीसाठी वॉर्ड ऑफिसात शिष्टमंडळ नेतात. पुढच्या शिष्टमंडळाच्या अर्जात आणखी एक कलम घालावे: आपल्या बाजाराच्या हद्दीत चोवीस तासांचा निवारा कोठे होणार आणि त्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम आहे? पालिकेची एखादी पडीक चौकी किंवा बंद शाळा जवळ असेल तर तिचा पत्ताही द्यावा. आणि बाजारातल्या नोंद नसलेल्या हमालांची नोंद करून घेण्यास आपण स्वतः तयार व्हावे. तक्रार करायला आपण एकत्र येतो. मग हा एक अर्ज करायला का येऊ नये?