व्याजाचा दर आणि कांद्याचा भाव

५ डिसेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर पाव टक्क्याने उतरवून ५.२५ वर आणला, तेव्हा गृहकर्जाचे हप्ते हलके होणार या वार्तेने नोकरदार वर्गात जे समाधान पसरले, त्यात भोसरी, मोशी आणि चाकण येथे सदनिका घेऊन राहिलेले जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कितीतरी तरुणही होते. परंतु याच तरुणांचे वडील त्या सुमारास बराखीतला कांदा मंचर, ओतूर वा आळेफाट्याच्या बाजारात नेऊन दहा किलोस पुकारला जाणारा भाव खाली मान घालून ऐकत होते, आणि त्या पडलेल्या भावाचा व मुंबईत झालेल्या त्या निर्णयाचा कार्यकारणसंबंध आहे, हे मात्र बापलेकांपैकी कोणासच कोणी सांगितले नाही.

व्यापारी बँकांना सरकारी रोख्यांच्या तारणावर अल्प मुदतीसाठी जो पैसा रिझर्व्ह बँक पुरविते, त्याच्या व्याजाला रेपो दर म्हणतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी बांधण्याची सक्ती झाली, आणि तेव्हापासून समितीच्या बैठकीतला प्रत्येक फेरबदल तीन महिन्यांच्या आत कर्जदाराच्या खात्यावर येऊन आदळू लागला. साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, हा दर ४ टक्क्यांपर्यंत उतरला होता; ४ मे २०२२ रोजी समितीने नियोजित बैठकीची वाट न पाहता तो चढविण्यास प्रारंभ केला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत, म्हणजे अवघ्या नऊ महिन्यांत, तो साडेसहा टक्क्यांवर गेला. अडीच टक्क्यांची ही वाढ कागदावर किरकोळ दिसते. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने सात टक्क्यांनी घेतले, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे १५,५०० रुपये होतो. साडेनऊ टक्क्यांस तोच १८,६४० च्या घरात जातो. पण हप्ता वाढवून कर्जदारास बिथरविण्यापेक्षा मुदत लांबविणे सावकारास नेहमीच सोयीचे असते, आणि येथेच खरी मेख आहे. सात टक्क्यांच्या हिशेबाने वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरलेल्या आमच्या या कर्जदारास दर साडेनऊ झाल्यावर हप्ता तोच ठेवण्याची ‘सवलत’ मिळाली, तर त्याने भरलेल्या साडेपंधरा हजारांपैकी मुद्दलापोटी महिन्याला केवळ पन्नासेक रुपये जमा होतील आणि बाकी सारी रक्कम व्याजात जिरेल. असा मनुष्य घराचा मालक म्हणावा की आपल्याच घराचा भाडेकरू, हा निवाडा वाचकांनीच करावा. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने मुदत वाढवावी की हप्ता, हे ठरविण्याचा अधिकार कर्जदारास दिला खरा. परंतु तोपर्यंत दरवाढ पुरी होऊन सहा महिने लोटले होते.

दर इतका का चढला आणि फेब्रुवारी २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत, पुरी दोन वर्षे, तेथेच का खिळून राहिला? चलनवाढ चार टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के वरखाली, ठेवण्याचे दायित्व कायद्याने समितीवर आहे, आणि २०१२ हे पायाभूत वर्ष धरून रचलेल्या ज्या निर्देशांकावर हे निर्णय तोलले गेले, त्यात खाद्यपेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता. ग्रामीण भागाच्या निर्देशांकात घरभाड्याला तर स्थानच नव्हते. खेड्यातला मनुष्य जणू खातो, पण कोठे राहत नाही! यास्तव जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने उचल खाताच चलनवाढ ७.४४ टक्क्यांवर गेली. त्या दिवसांत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला मिळालेल्या भावाच्या कथा देशभर गाजल्या, जुन्नर तालुक्यातील काही शेतकरी एका हंगामात कोट्यधीश झाले म्हणून त्यांची छायाचित्रे झळकली. परंतु त्याच भावाने त्यांच्या नोकरदार मुलांच्या गृहकर्जाचे व्याज उतरण्याची वाट अडवून धरली, याची वार्ता कोणी छापली नाही. पुढे सरकारने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसविले, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंदच केली, ती थेट ४ मे २०२४ पर्यंत. कांद्याचा भाव कोसळला, पण रेपो दर साडेसहावरून तसूभर हलला नाही. म्हणजे बापाचे उत्पन्न बुडाले आणि लेकाचा हप्ताही कमी झाला नाही.

२०२५ साली चित्र पालटले, आणि ते ज्या कारणाने पालटले तेच आमच्या मते विशेष चिंतनीय आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात चलनवाढ ०.२५ टक्क्यापर्यंत खाली आली. वस्तू व सेवाकरातील कपातीचा त्यात वाटा होता हे मान्य करूनही, भाजीपाल्याचे भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत एक चतुर्थांशाहून अधिक पडले होते, हे त्याचे प्रमुख कारण नाकारता येत नाही. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत सव्वा टक्क्याची जी दरकपात झाली, तिला जागा करून देण्यात कुकडीच्या कालव्यावर पिकलेल्या कांद्या-टोमॅटोचा असा हिस्सा आहे. आता या कपातीचा हिशेब एका कुटुंबापुरता मांडून पाहावा. वीस लाखांच्या कर्जावर साडेनऊचा दर सव्वाआठ झाला, तर मासिक हप्ता सुमारे १,६०० रुपयांनी, वर्षाकाठी एकोणीस हजारांनी, कमी होतो. आणि एका एकरात शंभर क्विंटल कांदा निघाला व किलोमागे भाव केवळ पाच रुपयांनी पडला असे धरले, तर बापाचे पन्नास हजार गेले.

या विवेचनावरून आम्ही महागाईचे समर्थन करीत आहोत, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरील जो महादेव कोळी मजूर रोजंदारीसाठी पूर्वेकडच्या बागायतीत उतरतो, तो भाजी विकत घेणारा आहे, आणि स्वस्ताईचा खरा लाभ त्यालाच. रिझर्व्ह बँकेने आपले कर्तव्य सोडावे असेही आमचे म्हणणे नाही. व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाही आणि व्याज उतरवून पाऊस पडत नाही, हे त्या बँकेतील विद्वज्जन आमच्याहून चांगले जाणतात. तथापि भाजीच्या हंगामी भाववाढीपायी गृहकर्जदारास वर्षानुवर्षे वेठीस धरणे कितपत न्याय्य, याचा विचार त्यांनी अधिक मोकळेपणाने करावयास हवा.

शिवाय, हा रेपो दर ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, अशांची संख्या आमच्या या दोन तालुक्यांत थोडी नाही. व्याजाच्या व्यवहाराची या प्रदेशाला प्राचीन ओळख आहे. ज्या क्षत्रप नहपानाच्या अयम नामक अमात्याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत आहे, त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत आपली ठेव कोरून ठेविली आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. दर दगडात कोरलेला, आणि मुद्दल कधीच परत मागावयाचे नाही. आजच्या ग्रामस्थाला आपल्या पतसंस्थेचा दर इतक्या स्पष्टपणे वाचावयास मिळाला तरी पुष्कळ झाले! पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही, त्या राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत जे विमासंरक्षण असते, तेही त्यांच्या ठेवीदारांस नाही. तरीही माणसे तेथे जातात, कारण गावठाणातील घराला सातबारा नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरील नोंद बँकेच्या विधिज्ञास पुरत नाही, आणि अशा घरावर मजला चढवावयाचा झाल्यास ओळखीच्या जामिनावर पतसंस्थेचे महाग कर्ज किंवा घरातले सोने, एवढेच दोन मार्ग उरतात. मुंबईत दर उतरला काय नि चढला काय, या कर्जदाराच्या पुस्तकातील आकडा हलत नाही.

आणि ठेवीदार? घोडेगावच्या निवृत्त शिक्षकाने दहा लाखांची मुदतठेव सात टक्क्यांनी ठेविली होती. नूतनीकरणाच्या वेळी ती सव्वासहाने झाली, तर वर्षाचे साडेसात हजार गेले. त्याच्यासाठी समितीच्या बैठकीत कोणी बोलत नाही.

उपाय अवघड आहेत असे आम्हांस वाटत नाही. गावठाणांचे भूमापन ड्रोनद्वारा करण्याचा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला; त्यातून मिळणारी मिळकत पत्रिका व सनद गृहकर्जाच्या तारणास ग्राह्य धरण्यात येईल, असे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने आणि राष्ट्रीयीकृत बँकांनी आपापल्या शाखांना स्पष्ट शब्दांत कळवावे. प्रत्येक पतसंस्थेने कर्जाचा व ठेवीचा दर दर्शनी भागी फलकावर लावावा, असा हुकूम सहकार आयुक्तांनी काढावा व तो अमलात येतो की नाही हे तालुक्याच्या सहायक निबंधकांनी स्वतः जाऊन पाहावे. केंद्र सरकारने निर्यातबंदीचे हत्यार म्यान करावे. आणि ज्यांच्या गृहकर्जाची मुदत गेल्या तीन-चार वर्षांत निमूटपणे लांबली आहे, त्यांनी याच आठवड्यात शाखेत जाऊन शिल्लक मुद्दल, चालू दर व उरलेले हप्ते यांचा उतारा लेखी मागावा. दर उतरला असतानाही हप्ता कमी करून न घेता आहे तेवढाच भरत राहिल्यास लांबलेली मुदत पुन्हा आखडते.