एकच जंतू, दोन काचा

कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरायची. रक्त मागे सरून ती पांढुरकी पडली की ब्लेडने सुमारे पाच मिलिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्यायची, पातं आडवं करून चिरेचा तळ दोन-तीनदा खरवडायचा आणि पात्यावर आलेला ओलावा काचेवर पसरायचा. त्यात रक्त आलं तर काच टाकून द्यायची आणि पुन्हा सुरुवात. कुष्ठरोगाच्या दवाखान्यात वर्षं काढलेला तंत्रज्ञ हे काम गप्पा मारता मारता करतो. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गप्पा थांबतात.

लेप्रोमॅटस, म्हणजे रोगाच्या एका टोकाच्या, रुग्णाच्या काचेवर लाल काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे असतात. एका फील्डमध्ये हजाराहून जास्त जंतू, म्हणजे बॅक्टेरियल इंडेक्स सहा. दुसऱ्या टोकाच्या, ट्यूबरक्युलॉइड रुग्णाची काच मात्र शंभर फील्ड पाहिली तरी कोरी. दोघांना झालेला रोग एकच, जंतूही तोच. मायकोबॅक्टेरियम लेप्रे जगात कुठूनही घेतला तरी त्याची जनुकं जवळजवळ सारखीच निघतात. मग फरक असेल तर तो माणसात. रिडली आणि जॉप्लिंग यांनी 1966 मध्ये कुष्ठरोगाची पाच गटांची मांडणी केली, तीही जंतूच्या नव्हे, रुग्णाच्या प्रतिकाराच्या आधारावर.

प्रतिकारसंस्थेच्या पेशी, ऊती आणि अवयव विद्यार्थ्यांना आकृतीवरून शिकवले जातात: अस्थिमज्जा इथे, थायमस तिथे, बाण असा. आकृती पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. कुष्ठरोगाच्या बायॉप्सीत तीच आकृती जिवंत दिसते. ट्यूबरक्युलॉइड चट्ट्यात मॅक्रोफेज एपिथेलिऑइड रूप घेऊन दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांच्यात मिसळलेल्या सीडी-4 टी लिम्फोसाइट इंटरफेरॉन गॅमा पुरवून त्यांना जंतू मारायला लावतात, आणि सीडी-8 पेशी कडेने वेढा घालतात. लेप्रोमॅटस गाठीत मॅक्रोफेज तेवढेच, किंबहुना जास्त, पण फेसाळलेले, पोटात जंतू घेऊन स्वस्थ. लिम्फोसाइट तुरळक. अँटिबॉडी मात्र भरपूर असतात आणि त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, कारण जंतू पेशीच्या आत लपलेला असतो आणि तिथे अँटिबॉडीचा हात पोहोचत नाही.

अवयवाच्या पातळीवर हे टर्क आणि वॉटर्स या संशोधकांनी लसीका ग्रंथींमध्ये दाखवलं. लेप्रोमॅटस रुग्णाच्या ग्रंथीत ज्या पॅराकॉर्टिकल भागात टी पेशींची वस्ती असायला हवी, तिथे त्यांची जागा हिस्टिओसाइटनी बळकावलेली होती. तरीही खुबी अशी, की हा रुग्ण एरवी दुबळा नसतो. बहुतेक इतर जंतूंशी तो चारचौघांसारखाच लढतो. भिंतीला भगदाड आहे, पण ते एकाच जंतूच्या मापाचं.

या भगदाडाचा माग दिल्लीत ज्यांनी काढला त्यात इंदिरा नाथ यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या इंग्लंडमध्ये त्याच टर्क यांच्याकडे शिकल्या आणि परत येऊन एम्सच्या प्रयोगशाळेत लेप्रोमॅटस रुग्णांच्या टी पेशी जंतूसमोर गप्प का बसतात, याचा पिच्छा पुरवला. आजार प्रयोगशाळेच्या दारातच होता. परदेशातल्या संशोधकाला जे रुग्ण दुर्मीळ, ते दिल्लीच्या ओपीडीत रांगेत उभे होते. 1999 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2002 मध्ये लॉरिआल-युनेस्को पुरस्कार. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं.

टी पेशींना जागं करता येईल का, हा पुढचा प्रश्न. त्याची एक वाट मुंबईतून निघाली होती आणि तिच्यावर मराठी माणसांची वर्दळ आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये 1958 मध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी लेप्रोमॅटस रुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वाढवला. तो लेप्रे नव्हता. लेप्रे आजही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. पण हा जंतू लेप्रेच्या कुळाशी नातं सांगणारा होता. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागले. पुढे माधव देव यांनी त्याच्यापासून लस तयार केली. देव मुंबईला येण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा.

दुसरी वाट खुद्द दिल्लीची. जी. पी. तलवार यांनी एम्समध्ये असताना लेप्रेशी साम्य असलेले पण प्रयोगशाळेत सहज वाढणारे मायकोबॅक्टेरिया पारखायला घेतले. त्यातला ‘डब्ल्यू’ या खुणेचा एक निवडला गेला. 1981 मध्ये राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआय, उभी राहिली तेव्हा तलवार तिचे पहिले संचालक झाले आणि जंतूही त्यांच्यासोबत जेएनयूच्या टेकाडावर गेला. आज त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी. यातला ‘प्राणी’ म्हणजे जनावर नव्हे. तलवारांचं ‘प्राण’ हे नाव आणि संस्थेची आद्याक्षरं यांची ती जोडणी आहे. सफदरजंग आणि राम मनोहर लोहिया रुग्णालयांत बहुजंतू रुग्णांना एमडीटी, म्हणजे बहुऔषध उपचाराबरोबर ही लस दिली गेली. जंतू लवकर ओसरले आणि ज्यांची लेप्रोमिन चाचणी (टी पेशी जंतूला प्रतिसाद देतात का हे दाखवणारी त्वचाचाचणी) नकारार्थी होती त्यांच्यापैकी कित्येकांत ती होकारार्थी झाली.

प्रतिबंधाचं काय? कानपूर देहातात रुग्णांच्या घरातल्या संपर्कातल्या माणसांना हीच लस दिली गेली. पहिल्या फेरतपासणीत संरक्षण सुमारे 68 टक्के, दुसऱ्यात 60 च्या आसपास, तिसऱ्यात चाळिशीच्या खाली. म्हणजे सात-आठ वर्षं टिकाव, मग उतार. तिकडे तमिळनाडूत मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली 1 लाख 71 हजारांहून अधिक लोकांवर चार लसींची तुलना झाली. 1998 मध्ये आलेले निकाल असे: आयसीआरसी 65.5 टक्के, बीसीजी अधिक मृत लेप्रे 64, नुसती बीसीजी 34.1 आणि ‘डब्ल्यू’ 25.7. दिल्लीच्या लसीला उत्तरेत 68 आणि दक्षिणेत 26. या आकड्यांवरून पक्ष घेऊन भांडणारे तेव्हाही होते, आताही भेटतात. पण एकीकडे रुग्णाच्या घरात झोपणारी माणसं होती, दुसरीकडे गावंच्या गावं. शिवाय ज्या वस्तीत मातीत-पाण्यात मायकोबॅक्टेरिया मुबलक, तिथल्या माणसांच्या टी पेशींना त्यांची ओळख लहानपणीच झालेली असते. लसीचा आकडा हा लस आणि वस्ती दोघांचा असतो. मुंबईची लस मात्र इतका चांगला आकडा मिळवूनही राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात आली नाही, आणि याची चर्चा मराठी वैद्यकीय वर्तुळात जेवढी व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

कोविडनंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हा बाजारातला मंत्र झाला. काढा, गोळ्या, सरबतं. दिल्ली-एनसीआरमधल्या प्रत्येक मेट्रो स्टेशनच्या केमिस्टकडे एक फळी त्याचीच. कुष्ठरोगावर काम करणाऱ्याला हा मंत्र ऐकून हसू यावं. कोणती इम्युनिटी वाढवायची? लेप्रोमॅटस रुग्णाकडे अँटिबॉडींची कमतरता नाही. त्याच अँटिबॉडी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांना चिकटून ऊतींत साचतात, न्यूट्रोफिल धावून येतात आणि ताप, दुखऱ्या लाल गाठींचे घोस, सुजलेले सांधे, डोळ्यात आयरायटिस असं ईएनएलचं (एरिथेमा नोडोसम लेप्रोसमचं) चित्र उभं राहतं. उलट, मधल्या गटातल्या रुग्णाच्या टी पेशींना उपचारादरम्यान अचानक जाग आली की जुने चट्टे लाल होऊन फुगतात आणि नसा दुखू लागतात. ही टाइप एक रिॲक्शन. नसेतल्या श्वान पेशीत दडलेला जंतू पकडला जातो. पण नसेवरचं आवरण फारसं ताणलं जात नाही, आत सूज वाढते आणि काही दिवसांत हात वाकडा होतो. चोर सापडतो, सोबत संन्याशालाही सुळी.

म्हणून रिॲक्शन ओळखणं ही दवाखान्यातली प्रत्यक्ष इम्युनॉलॉजी आहे. आणि नेमक्या इथेच आपल्या हातून चुका होतात. चट्टे फुगले की रुग्णाला औषध ‘उष्ण पडलं’ असं वाटतं, तो गोळ्या सोडतो, आणि कधीकधी डॉक्टरही मान हलवतात. एमडीटी थांबवायची नसते. नसेला सूज, दुखरेपणा किंवा ताकदीत नवी घट असेल तर प्रेडनिसोलोन त्याच दिवशी सुरू करायचं, आणि आठवड्याभरात बंद न करता आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायचं. त्याआधी साखर, रक्तदाब आणि क्षयाची लक्षणं पाहायची, जंताचं औषध द्यायचं. ईएनएलमध्ये क्लोफॅझिमिनचा दाहशामक गुणही कामी येतो. थॅलिडोमाइड परिणामकारक आहे, पण गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला ते देण्याचा विचारही सहज करू नये.

दिल्लीत एक अडचण जास्त. देशाने डिसेंबर 2005 मध्ये दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे निर्मूलनाचं लक्ष्य गाठलं आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला. ताहिरपूरच्या वसाहती त्यामुळे रिकाम्या झाल्या नाहीत. राजधानीच्या नोंदवहीतले कितीतरी पत्ते बाहेरच्या राज्यांतले असतात. रुग्ण नोएडा-गुरुग्रामच्या बांधकामावर, औषध दिल्लीत, आणि घरातली माणसं गावी. उपचार संपल्याचा शिक्का बसल्यावर तो गावी जातो. रिॲक्शन मात्र शिक्का पाहून थांबत नाही. ती उपचार संपल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. गोळ्यांची शेवटची पट्टी हातात देताना ‘पुन्हा काही झालं तर या’ एवढं मोघम सांगून भागत नाही. चट्टा फुगला, कोपरापासून करंगळीपर्यंत कळ आली, डोळा लाल झाला, पापणी मिटेना, यातलं काहीही झालं तर कुठे जायचं हे त्याच्या भाषेत सांगावं लागतं.

संपर्कातल्या माणसांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात रिफॅम्पिसिनचा एक डोस आहे. बांगलादेशातल्या कोलेप अभ्यासात त्याने दोन वर्षांत नवे रुग्ण 57 टक्क्यांनी कमी केले, आणि ज्यांना लहानपणी बीसीजी मिळाली होती त्यांच्यात लाभ आणखी जास्त दिसला. जंतू मारणारं औषध आणि टी पेशींना ओळख करून देणारी लस एकमेकांना पूरक ठरतात, असं त्यातून दिसतं. डोस देण्याआधी त्या माणसाला कुष्ठरोग किंवा क्षय नाही ना, हे मात्र पाहायलाच हवं.

या महिन्यात समोर येणाऱ्या प्रत्येक बधिर चट्ट्याच्या रुग्णाचं कोपर वाकवून अल्नर नस दोन्ही बाजूंना चाचपा, करंगळीची ताकद नोंदवा, आणि त्याच्या घरातली माणसं कधी तपासणार ती तारीख केसपेपरवर लिहा. माणसं दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर तिथल्या कुष्ठरोग अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.