कण्याचे दुखणे आणि पुराव्याचे ओझे

जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या सुमारे ३०० याचिका एकत्रितपणे फेटाळून लावल्या. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने माजी सैनिकांना मंजूर केलेले अपंगत्व निवृत्तिवेतन रद्द व्हावे, ही सरकारची मागणी होती. हे निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने दाखविलेले औदार्य नसून सैनिकाने केलेल्या त्यागाची न्याय्य पोच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. वृत्तपत्रांनी एक दिवस दखल घेतली आणि विषय मागे पडला. परंतु हा प्रश्न ३०० कुटुंबांचा नाही. विशेषतः ज्यांची मान व पाठ सैन्यसेवेत निकामी झाली त्यांच्या बाबतीत तो फार जिकिरीचा आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

मणक्याचे अपंगत्व दोन प्रकारचे असते. एक सर्वांना दिसणारे. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व त्यांचे कमरेखालचे शरीर अधू झाले. त्याच पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. (देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, हेही येथे नमूद केलेले बरे.) पुण्याजवळ खडकी येथे अशा मज्जारज्जूच्या दुखापतीने जायबंदी झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तेथील चाकाच्या खुर्चीवरील जवानाला तुझे अपंगत्व कुठून आले, असे कोणी विचारत नाही.

दुसरा प्रकार न दिसणारा आहे. पाठीवर वजन घेऊन वर्षानुवर्षे डोंगर चढणारा पायदळाचा शिपाई, खडकाळ रस्त्यांवरून लष्करी ट्रक हाकणारा चालक, रणगाड्यात हादरे खाणारा जवान, हवाई छत्रीने उड्या मारणारा सैनिक, यांच्या मणक्यांमधील गाद्या हळूहळू झिजतात, सरकतात, नसा दाबल्या जातात. मान वळत नाही, हाताला मुंग्या येतात, पायातील बळ जाते. ही झीज अमुक दिवशी, अमुक ठिकाणी झाली असे दाखविता येत नाही. शिवाय वय वाढले की सैन्यात कधीही न गेलेल्या माणसाच्या क्ष-किरण चित्रातही अशीच झीज दिसते. वैद्यकीय मंडळाला येथे आयता आधार सापडतो. ‘आजार प्रकृतिजन्य आहे, तो सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही’, एवढे एक वाक्य लिहिले की अर्ज फेटाळला जातो. लक्षणे प्रथम शांतता क्षेत्रातील ठाण्यावर दिसली असतील तर तेही कारण म्हणून नोंदविले जाते. जणू सीमेवर वाहिलेले ओझे शांतता क्षेत्रात बदली होताच पाठीवरून पुसले जाते!

कायदा मात्र इतका कोरडा नव्हता. १९८२ च्या पात्रता नियमांनुसार सैन्यात भरती होताना ज्याच्या कागदपत्रांत आजाराची नोंद नाही तो त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावयाचे होते. पुढे प्रकृती बिघडून त्याला सेवा सोडावी लागली तर ते सेवेमुळेच घडले असे मानावयाचे, सिद्धतेचा भार सैनिकावर टाकावयाचा नाही, आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यावयाचा. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्यांचा आजार अपस्माराचा होता, मणक्याचा नव्हे. परंतु तत्त्व सर्व आजारांना लागू पडते. वैद्यकीय मंडळाने निष्कर्षामागील कारणे दिली पाहिजेत, नुसते मत पुरेसे नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१५ च्या राजबीर सिंग निकालात याचीच पुनरुक्ती झाली.

येथे सरकारची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याकडे देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये लक्ष वेधले होते. खोटे दावे करणारे थोडे का होईना, असणारच. पाठदुखी यंत्राने मोजता येत नाही, हेही खरे. सुटीवर असताना झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध जोडण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका प्रकरणात नकार दिला होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण मोजके लबाड पकडण्यासाठी सर्वांवर पुराव्याचा भार लादणे हा न्याय नव्हे. २००८ च्या नियमांनी जुने गृहीतक सौम्य केले; केवळ सेवाकाळात आजार दिसला म्हणून तो सेवेमुळे झाला असे होत नाही, अशी भाषा त्यांत आली. सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम लागू झाले. सैनिकाला बळ देणारी मूळ तरतूद अशी टप्प्याटप्प्याने पातळ होत गेली, हे मला चिंताजनक वाटते.

अर्ज फेटाळला गेलेल्या माणसाची वाट कशी असते? प्रथम पहिली अपील समिती, मग दुसरी, मग न्यायाधिकरण. महाराष्ट्र व गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. तेथे जिंकल्यावरही सुटका नाही, कारण सरकार उच्च न्यायालयात जाऊ शकते. ज्याला तासभर बाकावर बसवत नाही त्याने वर्षानुवर्षे न्यायालयाच्या बाकांवर बसावयाचे! गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्वाच्या लाभांविरुद्ध सरकारने चालविलेल्या अशा अपिलांवर कडक टीका केली होती. दहा वर्षांनंतर तशाच ३०० याचिका दिल्लीत उभ्या होत्या.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, सरळ उभी राहू न शकणारी एक स्त्री आपल्याला भेटते. प्रभू येशूने तिला स्वतः होऊन जवळ बोलाविले. तिने काही मागितलेही नव्हते, आणि तुझी पाठ कशाने वाकली हे त्याने विचारले नाही. नियमाचा प्रश्न काढला तो सभास्थानाच्या अधिकाऱ्याने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात सैनिकांना लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक म्हटले आहे. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सरचेन्स’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी अपंग व्यक्ती ही पूर्ण मानवी हक्कांची धनी आहे हे ठामपणे मांडले. आपण हे ग्रंथालयात ठेवतो. धर्मग्रामातल्या माजी सैनिकाच्या घरी मात्र क्वचितच घेऊन जातो. इंग्रजीतील एका ओळीचे नकारपत्र कपाटात ठेवून गप्प बसलेले लोक आपल्यातही आहेत. सैनिकाला तक्रार शोभत नाही, या समजुतीने ते अपीलच करीत नाहीत.

त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. सेवेतील प्रत्येक रुग्णालय-भेटीचा कागद, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, वैद्यकीय मंडळाची संपूर्ण कार्यवाही (केवळ निष्कर्ष नव्हे) मागवून घ्यावी. कोणकोणत्या ठाण्यावर, कोणते काम, किती वर्षे केले, याचा तपशील तारीखवार लिहून काढावा. झिजलेल्या मणक्याचा खरा पुरावा तोच असतो. न्यायाधिकरणाकडे जाण्यास अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दिरंगाई महागात पडते: तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये सेवा सोडावी लागली, ते १९९९ मध्ये न्यायालयात गेले, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी, आणि ज्याला चालणे अवघड आहे त्याच्यासोबत धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने तेथवर जावे.