त्रेचाळीस लक्ष वीस सहस्र

संकल्पांत कलियुगाचा उच्चार आपण नित्य करितों. परंतु युगांची वर्षसंख्या निघाली कीं घरांतील वडीलधारीं मंडळी हात जोडतात व कॉलेजांतील मुलें हंसतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष संख्या न तपासतांच निकाल देतात. म्हणून ४३,२०,००० ही महायुगसंख्याच आज पाटीवर घेऊं.

तिचे अविभाज्य अवयव पाडिले असतां २ आठ वेळां, ३ तीन वेळां व ५ चार वेळां येतो; चौथा अवयवच नाहीं. ७ नें ती भागत नाहीं, ११ नेंही नाहीं. तरी तिला निःशेष भागणारे भाजक १८० निघतात. स्मृतींप्रमाणें कलि, द्वापर, त्रेता व कृत हे १, २, ३, ४ या प्रमाणांत घ्या. कलीला ४,३२,००० येतात. आर्यभटानें चारही युगपाद समान, १०,८०,००० चे, मानिले. त्याबद्दल ब्रह्मगुप्तानें त्याला दोष दिला. संख्येनें मात्र दोघांनाही पूर्णांकच दिला.

आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास ही संख्या 'ख्युघृ' एवढ्या दोन अक्षरांत बसविली. ख म्हणजे २, य म्हणजे ३०, घ म्हणजे ४. उकारानें दहा सहस्रपट, ऋकारानें दहा लक्षपट. बेरीज करून पहावी. मुखोद्गत करणाऱ्याची केवढी सोय!

पण इतकीं वर्षें मोजलीं कोणी, असें मुलें विचारतात. कोणींच नाहीं. हा छेद आहे. दशांश अपूर्णांक प्रचारांत नसतां सर्व ग्रहांच्या गति पूर्णांकांत मांडावयाच्या, तर एक मोठा समान छेद हवा. त्या छेदावर सूर्याचीं भगणें ४३,२०,०००, गुरूचीं ३,६४,२२४, शनीचीं १,४६,५६४, आणि दिवस १,५७,७९,१७,५००.

आतां दिवस व वर्षें या दोहोंस ७,५०० नें भागा. ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस. म्हणजे एका वर्षाचे ३६५ दिवस पूर्ण व वर १४९ छेद ५७६. दिवसाच्या विपळा २,१६,००० ; तिला ५७६ नें भागितां ३७५ येतात, बाकी शून्य. म्हणून वर्षमान ३६५ दिवस, १५ घटिका, ३१ पळें, १५ विपळा येथें नेमकें संपतें. शेंपूट उरत नाहीं. आम्हांला या गणिताचा आनंद अजून वाटतो.

हात जोडणारांनींही एक ध्यानांत घ्यावें. आजचें नाक्षत्र सौरवर्ष ३६५.२५६३६ दिवसांचें आहे. आर्यभटाचें त्याहून सुमारें ३ मिनिटें २० सेकंद अधिक. तो वेध व गणित यांचा पुरुषार्थ होता, दिव्य दृष्टि नव्हे.

गुरूची संख्या व महायुग यांस १९२ नें भागावें : २२,५०० वर्षांत १,८९७ भगणें. एक भगण पुरत्या बारा वर्षांचें नव्हे, ११.८६ वर्षांचें. हा लहानसा फरक सांचत जातो. म्हणूनच हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ ची वाट न पाहतां २०२१ सालींच भरला.