नाव मिनिटांत, पण बरोबर हवे

रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढला, पण तो कोणता हे कळायला पूर्वी आणखी एक-दोन दिवस लागत. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी तो काळ फार मोठा. 'माल्डी-टॉफ' या यंत्राने तो मिनिटांवर आणला. प्लेटवरच्या कॉलनीचा कण धातूच्या पट्टीवर लावायचा, वर 'मॅट्रिक्स' या रसायनाचा थेंब टाकायचा आणि तो वाळला की लेसरचा मारा करायचा. जंतूची प्रथिने विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून धावतात. हलकी आधी पोहोचतात, जड मागून. या वेळांवरून उमटलेला आलेख यंत्र आपल्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहते. मोठी प्रथिने न मोडता अशी मोकळी करण्याच्या कामासाठी जपानच्या शिमाद्झू कंपनीतले अभियंते कोइची तानाका २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

सगळी मदार त्या संग्रहावर आहे. 'कँडिडा ऑरिस' ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडली. २०१३ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांतले रुग्ण नोंदले गेले, आणि ध्यानात आले की नेहमीच्या स्वयंचलित चाचण्या तिला 'कँडिडा हिम्युलोनाय' म्हणत आहेत. फ्लुकोनॅझोल या बुरशीरोधक औषधाला बहुधा न जुमानणारी, रुग्णालयात खाटेवरून खाटेवर पसरणारी ही बुरशी दुसऱ्याच नावाने वावरत होती. माल्डी तिला अचूक ओळखते, पण तिचा नमुना संग्रहात असेल तरच. जंतूंच्या काही जोड्या मात्र या यंत्रालाही नीट वेगळ्या करता येत नाहीत; ई. कोलाय आणि शिगेला ही त्यांतली ठळक. तिथे जुन्या चाचण्या आणि अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा डोळाच लागतो.

नाव कळले म्हणजे औषध कळले, असेही नाही. कोणते औषध लागू पडेल हे सांगणारा सेन्सिटिव्हिटीचा अहवाल साधारणपणे आणखी एका दिवसाने येतो. तरी नुसत्या नावाचे मोल थोडे नाही. कल्चरच्या एकाच बाटलीत त्वचेवरचा साधा स्टॅफिलोकॉकस निघाला, तर ती बहुधा रक्त घेतानाची भेसळ असते आणि रुग्णाची जड प्रतिजैविकांतून सुटका होऊ शकते. 'कँडिडा क्रुसेई' निघाली, तर फ्लुकोनॅझोल उपजतच निरुपयोगी हे तिथल्या तिथे समजते. पण हे नाव डॉक्टरच्या कानावर त्याच दिवशी पडले पाहिजे. मिनिटांत मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशीच्या राउंडपर्यंत फायलीत पडून राहिले, तर वाचलेला वेळ वाया गेला.

म्हणून यंत्र घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने संग्रह नियमित अद्ययावत करण्याची अट खरेदी करारातच घालावी. अहवाल फोनवर कळवण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहून ठेवावे. आणि डॉक्टरांनी, उपचाराला उशीर होणार नसेल तेव्हा, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधीच कल्चरसाठी रक्त काढून घ्यावे. बाटलीत जंतू वाढलाच नाही, तर या यंत्रापुढे ठेवायला काहीच उरत नाही.